काका रोज सहा वाजता ‘घरी’ निघतात

कच्च्या साबुदाण्याच्या दाण्याएवढी जखम, मोजून साडेतीन मिलिमीटरची. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २६ स्त्रियांच्या हातावर, त्यांच्या संमतीने, मुद्दाम केली आणि भरायला किती दिवस लागतात ते बघत बसले. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचं. फेस आला तर अजून ओली, नाही आला तर भरली. यातल्या १३ जणी स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकाला सांभाळत होत्या. बाकीच्या १३ जणी वयाने आणि घरच्या मिळकतीने त्यांच्यासारख्याच, पण डोक्यावर ही जबाबदारी नसलेल्या. त्यांची जखम सरासरी ३९.३ दिवसांत भरली. सांभाळणाऱ्या बायकांची भरायला ४८.७ दिवस लागले. हा शोधनिबंध १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

माझ्या मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की संध्याकाळचे सहा वाजले की काका चपला घालून दाराशी येतात.

“चल, मी निघतो. घरी वाट बघत असतील.”

“अहो, हेच आपलं घर. तीस वर्षं राहतोय आपण इथं.”

“तू कोण मला सांगणारी?”

मग दाराला कडी, आदळआपट, मावशीचा चढलेला आवाज, आणि काका झोपल्यावर ओट्यापाशी उभं राहून तिचं रडणं. सकाळी काका सगळं विसरलेले असायचे. ती काहीच विसरलेली नसायची.

अशा रुग्णांना सांभाळणाऱ्यांचा गट जवळच भरतो, असं तिला कुणीतरी सुचवलं. तिचं उत्तर ठरलेलं होतं, “आणि यांना कोण बघणार?” या प्रश्नाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण सगळं गाडं तिथंच अडतं.

गट-उपचाराचा उगम मनाच्या आजारात शोधायला गेलात तर चुकाल. १९०५ साली बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रुग्णांचा वर्ग सुरू केला. सॅनेटोरियमचा खर्च न परवडणाऱ्या या माणसांना घरी पाळायची पथ्यं प्रॅट यांना शिकवायची होती. रुग्ण रोजच्या नोंदींची वही घेऊन आठवड्याला एकदा जमायचे. प्रॅट यांच्या ध्यानात आलं, की वहीइतकाच गुण एकमेकांच्या सोबतीचाही येतो आहे. पुढे आयर्विन यालोम या मनोविकारतज्ज्ञांनी गट कशामुळे काम करतो याची ११ कारणं मांडली. त्यातलं एक अगदी साधं आहे: हे माझ्या एकट्याच्याच वाट्याला आलेलं नाही, हे कळणं.

साधं म्हणतोय खरं, पण सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला “हिनंच माझ्या पाटल्या चोरल्या” असं सांगत असतील, तर त्या सुनेला विचारा. नातेवाइकांत ती बोलू शकत नाही, कारण निम्म्यांना ते खरं वाटतं. गटात तिने चाचरत विषय काढावा आणि समोरच्या बाईने “आमच्याकडे बोरमाळ” म्हणावं, की दोघींना हसू फुटतं. आणि ‘सुटले एकदाचे तर बरं होईल’ हा विचार? तो आपल्या घरांत उच्चारायची सोय नाही. तो ज्याच्या मनात आलेला आहे, त्याच्याचपुढे बोलता येतो.

पण मन मोकळं केलं की झालं का? माझंही बरीच वर्षं तसंच मत होतं. कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोमध्ये डोलोरेस गॅलगर-थॉम्प्सन यांच्या चमूने हे तपासलं. डिमेन्शियाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या २०० हून अधिक स्त्रियांना दोन प्रकारच्या लहान गटांत घातलं, दर आठवड्याला एक अशा दहा बैठका. एका प्रकारात एकमेकींना आधार देणं आणि मार्गदर्शन. दुसऱ्यात रीतसर शिकवणी: राग कधी चढतो ते टिपणं, शरीर सैल सोडणं, डोक्यात आलेला विचार तपासणं, मदत स्पष्ट शब्दांत मागणं, दिवसात स्वतःला आवडणारी एखादी गोष्ट ठरवून करणं. २००३ साली निष्कर्ष आले. शिकवणीच्या गटात उदासीची लक्षणं जास्त कमी झाली. या बायका काही गोऱ्या, काही स्पॅनिश भाषिक मुळांच्या होत्या, पण फायदा दोघींना सारखाच झाला. म्हणजे प्रॅट यांची वही शंभर वर्षांनीही कामाची ठरली.

विचार तपासणं म्हणजे काय, हे काकांवरून बघू. ‘मला छळायला मुद्दाम करतात’ हा मावशीच्या डोक्यातला विचार. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला फार लवकर इजा होते, आणि नवी आठवण साठवायला तोच लागतो. काका पाचव्यांदा विचारतात तेव्हा त्यांच्या लेखी ती पहिलीच वेळ असते. आधीची चार उत्तरं साठलेलीच नसतात. मुद्दाम करायला काल काय केलं ते आठवावं लागतं.

भावना मात्र मागे राहते. आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये अल्झायमरच्या १७ रुग्णांना आधी दुःखी आणि नंतर आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात काय पाहिलं हे बहुतेक निसटून गेलं, पण मनातलं दुःख किंवा आनंद रेंगाळत राहिला. मावशीचं ओरडणं काकांच्या लक्षात राहत नसेल, पण त्यानंतरची धास्ती राहत असणार. ‘हेच आपलं घर’ हे वाक्य शंभर टक्के खरं, आणि संध्याकाळी सहा वाजता कुचकामी.

न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेलं काम याहून व्यापक होतं. जोडीदाराला सांभाळणारे एकूण ४०६ जण. त्यातल्या निम्म्यांशी दोनदा एकेकट्याने बोलणं, चार बैठका सगळ्या कुटुंबासोबत, मग दर आठवड्याचा गट, आणि अडचण आली की केव्हाही फोन. या कुटुंबांतल्या रुग्णांना नर्सिंग होममध्ये, म्हणजे तिथल्या कायमच्या निवासी शुश्रूषागृहात, हलवायची वेळ इतरांच्या तुलनेत सुमारे ५५७ दिवस उशिरा आली. आपल्याकडे तशी नर्सिंग होम बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे ते दिवस इथे एरवीही घरातच जातात. मला त्या चार कौटुंबिक बैठका जास्त मोलाच्या वाटतात. व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं बघून “बाबा तर छान दिसतायत की!” म्हणणाऱ्या धाकट्या भावालाही एकदा समोर बसवायला हवं ना!

भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. आपण अजून त्याला म्हातारचळ म्हणतो आणि सांभाळणाऱ्याला काहीच म्हणत नाही. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांनी मात्र रुग्णासाठी ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ असे शब्द रुळवलेत. ‘केअरगिव्हर’पेक्षा मला तो कितीतरी बरा वाटतो.

आता ‘यांना कोण बघणार?’ गटाला यायचं तर रुग्णापाशी कुणीतरी बसलं पाहिजे, आणि जिच्यापाशी तसं माणूस आहे तिला गटाची गरज जरा कमीच असते. गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी हा पेच उलट्या बाजूने सोडवला. ८१ कुटुंबं निवडली आणि स्थानिक, कोकणी बोलणाऱ्या माणसांना थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन थेट त्यातल्या निम्म्यांच्या घरी पाठवलं. हे सल्लागार निदान पंधरवड्यातून एकदा जायचे, आजार समजावायचे, आंघोळ-जेवणातल्या अडचणींवर वाटा सुचवायचे, आणि अशा घरांची एकमेकांशी गाठ घालून द्यायचे. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलेलं दिसलं. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. महागडं यंत्र किंवा नवं औषध यात कुठेच नव्हतं.

मावशीच्या घरी असा सल्लागार आला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर मात्र पत्त्यांचा कॅट घेऊन शनिवारी चार ते सहा येऊन बसू लागले. गटात एका आजोबांनी तिला आपली युक्ती सांगितली: अडवायचं नाही, चुकतंय असंही म्हणायचं नाही. “निघू या की, चहा घेऊन निघू” म्हणायचं. दहापैकी सहा वेळा चहा संपेस्तोवर निघायचं राहून जातं. उरलेल्या चार वेळा एक चक्कर मारून यायचं.

परवाच्या शनिवारी तिला परतायला साडेसहा झाले. काका आणि पोस्टमास्तर दोघंही चपला घालून जिन्यात बसले होते, शेजारी चहाचे रिकामे कप.

“आलीस?” काका उठले. “चल, आता घरी जाऊ.”

ती कप उचलून त्यांच्याबरोबर आत गेली.