चहा किती अंशांवर पोळतो?

वृद्धाश्रमात कुणाच्या मांडीवर चहा सांडला की खापर थरथरत्या हातावर फुटतं. हात थरथरणारच. कप हातात दिला तेव्हा चहा किती अंशांवर होता, हे मात्र कुणी विचारत नाही.

कातडीतली प्रथिनं उष्णतेने विस्कटतात, आणि तापमान थोडं चढलं तरी विस्कटण्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो. मॉरित्झ आणि हेन्रिकेस या संशोधकांनी १९४७ साली हे मोजलं. ४४ अंश सेल्सियसला भाजायला सुमारे ६ तास लागतात. तिथून ५१ अंशांपर्यंत दर अंशामागे हा वेळ जवळजवळ निम्मा होतो. ५५ ला साधारण अर्धा मिनिट, ६० ला ५ सेकंद, ७० ला सेकंदभरही नाही. हे झाले धडधाकट माणसाचे आकडे. म्हाताऱ्या, पातळ कातडीला याहून कमी वेळ पुरतो. किटलीतला चहा ८० च्या आसपास असतो. तो ५५ वर आणला तर ओली लुंगी किंवा साडी ओढून काढायला निदान काही सेकंद हाती लागतात. भिजलेलं कापड गरम चहा अंगाला धरून ठेवतं, म्हणून ते आधी काढायचं.

जुन्या मधुमेहात पाय बधिर होतात आणि चटका बसलेला कळतही नाही.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. चहा कोराच, दाट उकळावा. दूध तापवून फ्रिजमध्ये गार करावं. ८५ अंशांच्या १५० मिली कोऱ्या चहात ८ अंशांचं ५० मिली दूध घातलं की मिश्रण ६६ वर येतं. दोन-तीनदा वरखाली ओतून, ढवळून थर्मामीटर बुडवावा; ५५ दिसले की मगच द्यावा. थर्मासमधून थेट कपात ओतू नये, तो तासन्‌तास निवू देत नाही. ‘न सांडणारे’ म्हणून खपवले जाणारे दुहेरी भिंतीचे मग हाच घोळ घालतात: बाहेरून गार, आत ७०. त्यापेक्षा रुंद बुडाचा, दोन कानांचा कप पाऊणच भरून टेबलावर ठेवावा. बशी नको.

पेज चहाहून फसवी. वर साय धरते, आत मात्र धगधगीत, आणि अंगावर सांडली की चिकटून बसते. ती पसरट ताटलीत, ढवळूनच द्यावी.

भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये. या लेपांनी जखम झाकली जाते आणि डॉक्टरला आधी ते खरवडावं लागतं. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. बाकीचं अंग पांघरुणात ठेवावं, म्हातारं शरीर लवकर गारठतं.