मधले बोट, कॅमेरा आणि सामन्याचे मानधन

नोव्हेंबर २०२५ मध्ये पाकिस्तानच्या एका वेगवान गोलंदाजावर दोन एकदिवसीय सामन्यांची बंदी आली. कारण होते सप्टेंबरात दुबईत झालेल्या आशिया चषकातले त्याचे हातवारे. मे महिन्यातल्या भारत-पाकिस्तान लष्करी संघर्षाचा संदर्भ घेऊन त्याने प्रेक्षकांना ‘६-०’ (भारताची सहा विमाने पाडल्याचा पाकिस्तानचा दावा) दाखवले, हातानेच विमान पाडून दाखवले. यात अश्लील काहीच नव्हते. मग बंदी कशी, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

फार मागे जायची गरज नाही. मधले बोट प्राचीन ग्रीस-रोममध्येही शिवीच होते. आपल्याकडे अंगठा, वाकुल्या आणि शिमग्याची बोंब एवढ्यावर भागायचे. बोट नंतर आले. क्रिकेटपुरते बोलायचे तर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे सामनाधिकारी आणि लेखी आचारसंहिता १९९१ च्या सुमाराची. त्याआधी अशा गोष्टी संघ व्यवस्थापक आणि मंडळे आपापसात मिटवत.

भारतीय प्रेक्षकांपुढे हा प्रश्न ठळकपणे आला तो नोव्हेंबर २००५ मध्ये, कोलकात्यात. माजी कर्णधाराला वगळल्यामुळे शहर चिडलेले होते आणि संघाच्या बसमध्ये बसलेल्या परदेशी प्रशिक्षकाचे बोट दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने टिपले. खुलासा आला की बोटाला दुखापत झाली आहे. त्यावर कोलकात्यात कोणी विश्वास ठेवला असेल असे वाटत नाही, पण चित्रण क्षणभराचे होते आणि खुलासा खोटा ठरवणे अवघड. प्रकरण तिथेच थंडावले.

सिडनीत मात्र तशी पळवाट नव्हती. जानेवारी २०१२, दुसरी कसोटी, दुसरा दिवस. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार त्रिशतकाकडे निघालेला, भारतीय गोलंदाजी पार थकलेली आणि सीमारेषेवर २३ वर्षांचा एक फलंदाज तासन् तास प्रेक्षकांच्या तोंडी लागलेला. त्याने मागे वळून बोट दाखवले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा छायाचित्रासह बोभाटा झाला. सामनाधिकाऱ्याने बोलावून विचारले तेव्हा आधी ‘विशेष काही नाही’ म्हटले आणि समोर वर्तमानपत्र आल्यावर ‘बंदी घालू नका’ अशी विनवणी केली, हे त्याने स्वतःच नंतर मुलाखतीत सांगितले आहे. दंड झाला सामन्याच्या मानधनाच्या ५० टक्के.

वाद झाला तो या ५० टक्क्यांवर. काहींना ती सूट वाटली, काहींना जाच. खेळाडूचे म्हणणे असे होते की, उलट उत्तर द्यायला नको हे मान्य. पण आई-बहिणीवरून घाणेरडे ऐकवले जाते तेव्हा काय करायचे? प्रश्न रास्त होता. पण संहितेला चिथावणीशी फारसे देणेघेणे नव्हते. हावभाव झाला का, एवढेच ती पाहणार. शिवी देणारा गर्दीत, त्याचे छायाचित्र नाही; बोट दाखवणारा एकटा आणि त्याचे छायाचित्र पहिल्या पानावर. या हिशेबात खेळाडूच सापडणार हे उघड होते, आणि सापडलाही. दंड भरला की विषय संपत असे, हेही खरे. पुढे ॲडलेडमध्ये त्याने शतक ठोकले, त्या मालिकेतले भारताचे एकमेव.

प्रेक्षकांची बाजू तपासली गेली ती ९ वर्षांनी, त्याच मैदानावर. जानेवारी २०२१ मध्ये सीमारेषेवरच्या भारतीय गोलंदाजाने शिवीगाळीची तक्रार पंचांकडे केली, खेळ थांबला आणि सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढले. २०१२ मध्ये हे का सुचले नाही?

दरम्यान २०१६ मध्ये डिमेरिट गुण आले, म्हणजे गैरवर्तनाबद्दल खेळाडूच्या नावावर साचत जाणारे गुण. २४ महिन्यांत चार गुण झाले की बंदी. म्हणजे मानधनातली कपात भरून सुटका होण्याचे दिवस संपले. आयपीएलची संहिता वेगळी, पण वळण तेच. २०२४ मध्ये एका तरुण गोलंदाजाने बाद फलंदाजाला ‘फ्लाइंग किस’ दिला तेव्हा ६० टक्के मानधन गेले. महिनाभराने पुन्हा तसेच काही केले तेव्हा पूर्ण मानधन आणि एक सामनाही गेला.

संहिता खेळाडूंना आणि संघाच्या माणसांना लागू, समालोचकांना नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये श्रीलंकेतल्या पल्लेकेलेत समालोचनासाठी गेलेल्या, तेव्हा खासदारही असलेल्या एका माजी सलामीवीराचे बोट मोबाइलमध्ये टिपले गेले. भारतविरोधी घोषणा झाल्या असे त्याचे म्हणणे. फिरलेल्या चित्रफितीत ऐकू येत होते ते सिडनीतल्या त्याच फलंदाजाचे नाव.

दुबईतल्या त्या पाकिस्तानी गोलंदाजाला पकडायला मात्र अश्लीलतेचे कलम लागलेच नाही. खेळाची प्रतिष्ठा घालवणारे वर्तन, हे सैल कलम पुरले. दोन सामन्यांत प्रत्येकी ३० टक्के मानधन आणि दोन-दोन गुण, बेरीज चार. त्याच स्पर्धेत बॅटची बंदूक करणारा त्याचा सहकारी ताकीद आणि एक डिमेरिट गुण घेऊन सुटला.