इंजिन बदलल्यावर क्लच नीट चालत नाहीये? सेट परत करायच्या आधी हे वाचा

आम्हाला सगळ्यात जास्त येणारा फोन म्हणजे, इंजिन बदललं, क्लच सेट पण नवाकोरा टाकला, तरी गिअर पडत नाही, सेट खराब निघाला बहुतेक, बदलून द्या. बदलून द्यायला आमची ना नाही, पण परत आलेला सेट टेबलावर ठेवून बघितला की बऱ्याचदा त्यात काहीच खोट सापडत नाही, तो फक्त त्या इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीचा नसतो. आणि तोपर्यंत तुमचा गिअरबॉक्स दोनदा उतरून झालेला असतो, ते आम्हाला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे पत्रक.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. दुसरं इंजिन बसवलं की क्लचच्या हिशोबाने तुमच्याकडे एक गाडी राहत नाही, दोन होतात. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट इंजिनकडची, इनपुट शाफ्ट, फोर्क आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की फोर्क हे बेअरिंग प्रेशर प्लेटवर ढकलतो) गिअरबॉक्सकडचे, आणि क्लच प्लेट दोघांच्या मधे, तिचा बाहेरचा व्यास फ्लायव्हील-प्रेशर प्लेटशी जुळला पाहिजे आणि मधले दाते इनपुट शाफ्टशी. त्यामुळे दुकानात जाऊन नुसतं गाडीचं नाव सांगून सेट मागितला तर तो अर्धाच बरोबर येणार. आम्हाला इंजिन कुठल्या मॉडेलचं आणि गिअरबॉक्स कुठल्या मॉडेलचा, दोन्ही सांगा.

बसवायच्या आधी प्लेट इनपुट शाफ्टवर हाताने सरकवून बघा. सहज सरकली पाहिजे आणि जागेवर डुगडुगली नाही पाहिजे. दात्यांची संख्या सारखी असून शाफ्टची जाडी वेगळी असते असं पण होतं, म्हणून नुसते दाते मोजून थांबू नका. मग प्लेट फ्लायव्हीलवर तिच्या योग्य बाजूने ठेवा आणि मधला हब फ्लायव्हीलच्या बोल्टना टेकतोय का बघा. उलटी बसलेली प्लेट काढली की लगेच कळतं, हबच्या कडेला बोल्टच्या डोक्यांनी गोल गोल चकचकीत चरे पाडलेले असतात. बहुतेक प्लेटवर गिअरबॉक्सची बाजू किंवा फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते, ते घाईत वाचलं जात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गिअरबॉक्स इंजिनला हाताच्या जोराने, थोडा हलवून, पूर्ण टेकला पाहिजे. शेवटचं बोटभर अंतर राहिलं आणि कोणी म्हणालं की बोल्टने ओढून घेऊ, तर त्याला तिथेच थांबवा. ते अंतर काहीतरी सांगत असतं, प्लेट मधोमध नाहीये, नाहीतर इनपुट शाफ्ट लांब पडतोय, नाहीतर शाफ्टचं टोक क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या) भोकात जातच नाहीये. आमच्याकडे असं ओढून बसवलेलं एक काम आलं होतं, बेलहाऊसिंगचा (गिअरबॉक्सच्या इंजिनला टेकणाऱ्या घंटेसारख्या भागाचा) कान तुटलेला, आणि गिअरबॉक्स खाली घेतल्यावर शाफ्टच्या टोकावर नखाएवढा गोल चकाकणारा डाग, म्हणजे टोक सरळ क्रँकवर दाबून बसलेलं. असं दाबून चालवलं तर सगळा जोर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो आणि मग क्लच नाही, इंजिनच उघडायची वेळ येते.

इंजिन जर ऑटोमॅटिक गाडीतून काढलेलं असेल तर क्रँकच्या मागच्या टोकात पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक धरणारं छोटं बेअरिंग) आहे का ते टॉर्च मारून बघाच, कारण ऑटोमॅटिकला ते लागत नाही म्हणून बसवलेलं नसतं, काही क्रँकना तर ते भोक नीट मशीन पण केलेलं नसतं. (काही गिअरबॉक्सच्या डिझाइनमध्येच पायलट बेअरिंग नसतं, तिथे ही काळजी नाही.) फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असणारी पातळ प्लेट) काढून फ्लायव्हील लावताना बोल्ट पण फ्लायव्हीलचेच हवेत, जुने आखूड बोल्ट चालवून घेऊ नका.

डॉवेल पिना. छोट्या दिसतात म्हणून जुन्या इंजिनच्या ब्लॉकमध्येच राहून जातात. बोल्ट फक्त आवळतात, गिअरबॉक्स मधोमध धरायचं काम डॉवेलचं. त्या नसल्या तर शाफ्ट किंचित तिरका राहतो, क्लच अर्धवट सुटतो आणि हबच्या स्प्रिंगा काही दिवसात खिळखिळ्या होतात. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली पातळ पत्र्याची प्लेट असेल तर ती पण परत लावा, तिची जाडी मापात धरलेली असते.

हे सगळं बरोबर असून गिअर पडत नसेल तर रिलीज बेअरिंगचं माप बघा. फ्लायव्हील वेगळ्या जाडीचं आलं किंवा फेस मारून (मशीनवर घासून सपाट करून) घेतलं की प्रेशर प्लेटच्या पाकळ्या, म्हणजे बेअरिंग ज्यांना दाबतं त्या मधल्या पट्ट्या, पुढेमागे सरकतात, आणि बेअरिंग तिथपर्यंत पोचत नाही नाहीतर कायम दाबून बसतं. पोचत नसेल तर गिअर कर्र करतो, कायम दाबत असेल तर क्लच स्लिप होतो. बेलहाऊसिंगच्या कडेपासून पूर्ण मागे सरकवलेल्या बेअरिंगपर्यंत एकदा मोजा, ब्लॉकच्या कडेपासून पाकळ्यांपर्यंत एकदा मोजा, मधे पत्र्याची प्लेट असेल तर तिची जाडी पण सांगा, आणि आकडे आम्हाला पाठवा, जुळतंय की नाही ते आम्ही सांगतो. पायरीवाल्या फ्लायव्हीलला (ज्यात प्रेशर प्लेटची आणि क्लच प्लेटची जागा वेगळ्या उंचीवर असते) फेस मारताना पायरी पण तेवढीच उतरवायला सांगा, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो.

हायड्रॉलिक क्लच असेल तर गिअरबॉक्स उतरवायच्या आधी एअर काढून बघा. पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर नीट पडायला लागला तर दोष लाइनमध्ये किंवा मास्टर (पेडलकडच्या) नाहीतर स्लेव्ह (गिअरबॉक्सकडच्या) सिलिंडरमध्ये आहे, प्लेटमध्ये नाही. दुसऱ्या गाडीचा स्लेव्ह लावला असेल तर त्याचा रॉड पूर्ण पेडल दाबल्यावर किती मिलिमीटर सरकतो ते पट्टीने मोजून घ्या.

आवाज येत असेल तर कधी येतो ते नीट लक्षात ठेवा, अर्धं निदान तिथेच होतं. पेडलवर हलका पाय ठेवताच सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलला पेडल सोडलेलं असताना येतो आणि दाबलं की जातो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. गिअर टाकून पेडल पूर्ण दाबून उभं असतानाच घरघरतं, तर पायलट बेअरिंगवर संशय घ्या. गाडी उठताना थरथरत असेल तर प्लेटला ग्रीस किंवा तेल लागलंय का बघा, आणि इंजिनचे माउंट पण बघा, इंजिन बदलताना तेच ढिले राहतात. दात्यांवर ग्रीस अगदी पुसट लावायचं, जास्त झालं तर फिरताना उडून थेट प्लेटच्या लायनिंगवर (घासणाऱ्या थरावर) जातं.

जुना क्लच उघडताना धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

सेट आमच्याकडे आणणार असाल तर सोबत जुनी प्लेट, जुनं रिलीज बेअरिंग आणि शक्य असेल तर फ्लायव्हील पण आणा, धुवून आणू नका, जसं निघालं तसं, कारण घासल्याच्या खुणा आणि तेलाचे डाग बघूनच आम्हाला कळतं की काय कुठे टेकत होतं.