जतचा वर्ग, तुमच्या हॉलच्या पडद्यावर

सांगली-मिरज परिसरातल्या अध्यापक महाविद्यालयांसाठी माहितीपत्रक

बी.एड. दोन वर्षांचं झालं, आंतरवासिता, म्हणजे शाळेतला सराव, 20 आठवड्यांची झाली. तरी बहुतेक छात्राध्यापकांच्या वाट्याला कॉलेजजवळच्याच शाळा येतात. जत किंवा शिराळा तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा, जिथे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, ती बघायची राहून जाते.

असा चालू वर्ग व्हिडिओ कॉलवरून थेट तुमच्यापर्यंत पोचवणं, हे आमच्या दुकानाचं काम. तज्ज्ञांची व्याख्यानं ऐकवायला ही जोडणी घ्यायचा विचार असेल, तर स्पष्टच सांगतो, घेऊ नका. व्याख्यान यूट्यूबवरही मिळतं. तास संपल्या संपल्या तो घेणाऱ्या बाईंनाच ‘तुम्ही त्या मुलाला मध्येच का उठवलंत?’ असं विचारता येतं, तेव्हा पैसे वसूल होतात.

तास कसा होतो

शाळेत लागतो एक बरा मोबाईल, स्टॅन्ड आणि शिक्षकांसाठी कॉलर माईक. मोबाईलचं तोंड मुलांकडे ठेवायचं. फळा छात्राध्यापकांनी भरपूर पाहिलेला असतो. तिसरी हातच्याच्या वजाबाकीला लागली की पहिलीच्या पोरांपुढे चिंचोक्यांचा ढीग कधी येतो, बाई कुठे उभ्या राहतात, शेजारच्या वहीत डोकावणारं पोरगं त्यांना पाठमोऱ्या असतानाही कसं कळतं, हे बघायचं असतं. मुलं सुरुवातीला मोबाईलकडेच बघून हात हलवतात, म्हणून रिकामा स्टॅन्ड आदल्या दिवसापासूनच वर्गात उभा करून ठेवायला सांगतो.

तुमच्याकडचा माईक तासभर बंद. प्रश्न कागदावर लिहायचे आणि मधल्या सुट्टीत विचारायचे. पहिले दोन-तीन प्रश्न छात्राध्यापकांनाच विचारू द्यावेत, ही प्राध्यापकांना आमची आगाऊ विनंती.

शाळेबाहेरही

हंगामात, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल, तासगावकडचं एखादं बेदाणा शेड जोडता येतं. जाळ्यांवर वाळणारी द्राक्षं हा बाष्पीभवनाचा आयता पाठ, आणि साधारण 4 किलो द्राक्षांचा 1 किलो बेदाणा होतो म्हटल्यावर गुणोत्तरही आलंच. शेडवाल्यांना चार प्रश्न विचारायचे आणि छात्राध्यापकांना तिथल्या तिथे पाठ टाचण, म्हणजे तासाचा आराखडा, काढायला लावायचं.

मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडून ध्वनीचा पाठ घ्यायचा असेल, तर एक खबरदारी. व्हिडिओ कॉलची ॲप मागचा गोंगाट आपोआप कापतात. तंबोऱ्याचा एकसारखा सूर त्यांना पंख्याची घरघर वाटतो आणि तार छेडलेली दिसते, ऐकू मात्र काही येत नाही. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केलं की सूर परत येतो. ही सेटिंग आम्ही आधीच करून देतो.

खर्च कुठे करावा

आवाजावर. महागडा कॅमेरा मागायला येणाऱ्यांना आम्ही सहसा परतच पाठवतो. चित्र जरा अडखळलं तर लोक चालवून घेतात. आवाज तुटला की अख्खा हॉल खिशातला मोबाईल काढतो. हॉलच्या स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून घुमतो, म्हणून प्रतिध्वनी दाबणारा स्पीकरफोन घ्या. लॅपटॉपला वाय-फायऐवजी लॅन केबल लावा. शाळेत नेटचा डाउनलोड नको, अपलोड तपासा. 2-3 एमबीपीएस टिकून राहिला तरी भागतं. नसेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा. राउटर इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नका.

झूमचं मोफत खातं 40 मिनिटांनी कॉल तोडतं, म्हणजे 35 मिनिटांच्या तासानंतर गप्पा सुरू होतात न होतात तोच पडदा काळा. वर्गणीचं खातं घ्या, तेही कॉलेजच्या नावावर.

मुलांचे चेहरे दिसणार असतात. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो. मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांच्या सह्या हातात आल्याशिवाय आम्ही जोडणी करत नाही. रेकॉर्डिंग तर नाहीच.

विश्रामबागेतल्या दुकानात येताना हॉलची लांबी-रुंदी आणि आठवड्याचं वेळापत्रक आणा. पहिली चाचणी मोफत, पण शाळा भरलेली असतानाच. रविवारी रिकाम्या वर्गात बाईंचा आवाज छानच ऐकू येतो. चाळीस पोरं आणि पत्र्यावरचा पाऊस यांच्यामध्ये येतो का, ते बघायचं असतं.