डायकामा: बोर्निओचे नाव आणि नागपूरची मुंगी

नोव्हेंबरात पहाटे नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर सागाचा पाचोळा नीट न्याहाळला, तर डायकामा या मुंगीचे बीळ सापडते. तोंडाशी मातीचा बोटभर उंचवटा, त्यावर आणून टेकवलेली बारीक पिसे, वाळक्या काड्या, मेलेल्या मुंग्यांची कवचे. पिसांवर दव धरते. आतून एक काळी मुंगी येते, जबड्यात थेंब उचलते आणि परत आत जाते. पाणी मिळवण्याची ही रीत भारतातल्याच मुंग्यांवरून १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या लेखात मुंगीचे नाव होते ‘डायकामा रुगोसम’. आजही कुणी या मुंगीचे नाव विचारले की बहुतेक वेळा हेच सांगितले जाते. हे नाव तिला कसे चिकटले आणि ते का सोडवायला हवे, त्याची ही पार्श्वभूमी.

आधी एक घोळ बाजूला ठेवू. नागपुरात घरोघरी जो काळा मुंगळा दिसतो तो हा नव्हे. तो कॅम्पोनोटस. त्याच्या एकाच वारुळात लहानमोठ्या आकाराच्या कामकरी मुंग्या असतात, तो चावतो आणि त्याला नांगी नसते. डायकामाच्या सगळ्या कामकरी एकाच मापाच्या, साधारण सेंटिमीटरभर लांब. त्यांना नांगी असते आणि ती चांगलीच झोंबते. भिंगाखाली तर शंका उरतच नाही. डायकामाच्या अंगावर नांगरटीसारख्या समांतर रेघा कोरलेल्या असतात, काही ठिकाणी बोटाच्या ठशासारख्या वळणाऱ्या, आणि कमरेच्या गाठीवर दोन काटे. प्रजाती (जीनस) ओळखणे इतके सोपे आहे. खरी अडचण जातीची (स्पीशीजची) आहे.

‘रुगोसम’ म्हणजे सुरकुतलेली. हे नाव १८४२ मध्ये एका फ्रेंच जहाजावरच्या सर्जनने बोर्निओच्या मुंगीला दिले. डायकामा ही प्रजाती १८६२ मध्ये व्हिएन्नातून जाहीर झाली. मधल्या काळात, १८५१ मध्ये, दक्षिण भारतातल्या मुंग्यांची पहिली मोठी यादी मद्रासच्या एका नियतकालिकात आली. तिचा लेखक फौजेतला डॉक्टर होता आणि काही वर्षे जालन्याच्या छावणीत राहिलेला. त्याने डायकामाची एक जात ‘स्कल्प्टम’ म्हणजे कोरीव या नावाने नोंदवली. पुढे एका स्विस मनोविकारतज्ज्ञाने भारतीय मुंग्यांवरची फ्रेंच लेखमाला मुंबईच्या नियतकालिकात चालवली आणि १९०३ मध्ये भारतीय मुंग्यांचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ निघाला. १९२० मध्ये ट्युनिशियात दवाखाना चालवणाऱ्या दुसऱ्या एका स्विस डॉक्टरने ‘इंडिकम’ हे नाव दिले. ही सगळी कामे चिकाटीची होती, यात वाद नाही. पण त्या पिढीची सवय अशी की रेघांची दिशा जरा बदलली, रंगात हिरवट झाक दिसली, की ‘रुगोसम’च्या पोटात आणखी एक उपजात किंवा वाण घालायचा. अशा डझनभर उपजाती जमल्या. बोर्निओच्या मुंगीचे नाव भारत, ब्रह्मदेश, जावा सगळीकडे पसरले आणि शेवटी त्याचा अर्थ एवढाच उरला की ‘रेघा असलेली डायकामा’.

संग्रहालयातल्या टाचणीवर हा गोंधळ फारसा कुणाला टोचला नाही. टोचू लागला तो मुंगीचे वर्तन कळल्यावर.

डायकामात राणी नसते. म्हणजे राणीच्या वेगळ्या घडणीची मुंगी जन्मालाच येत नाही. कोशातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कामकरीच्या छातीवर, जिथे पंख असायचे तिथे, दोन बाजूंना दोन इवल्या गाठी असतात. त्यांना ‘गेमा’ म्हणतात. लॅटिनमध्ये गेमा म्हणजे कळी. १९८९ मध्ये जपानच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या डायकामावर स्वतंत्रपणे दाखवले गेले की वसाहतीतली प्रमुख मुंगी नव्याने जन्मलेल्यांच्या या कळ्या कुरतडून टाकते. कळ्या गेल्या की मुंगीचा स्वभाव पालटतो, ती बुजरी होते आणि तिचे मीलन होत नाही. कळ्या शाबूत असलेली एकटी अंडी घालते. तिला ‘गॅमरगेट’ म्हणतात, ग्रीक शब्दांतून बनलेले हे नाव ‘विवाहित कामकरी’ असे सांगते. मुंग्यांच्या समाजाबद्दल गेल्या चाळीस वर्षांत कळलेल्या गोष्टींत माझ्या मते याहून चकित करणारी गोष्ट क्वचितच असेल.

आता नावाकडे या. जपानच्या ओकिनावा बेटावरची ती मुंगी १९८९ च्या लेखात ‘डायकामा रुगोसम’ होती. काही वर्षांत ते नाव मागे पडले आणि लेखांत ‘जपानमधील डायकामा, जाती अनिर्णित’ असे येऊ लागले. त्यानंतर आले ‘डायकामा सी. एफ. इंडिकम’. मुंगी तीच, बेट तेच, नावे तीन. जुना लेख वाचणाऱ्याला वाटते की रुगोसमचे वर्तन कळले, नवा वाचणाऱ्याला वाटते इंडिकमचे.

या ‘सी. एफ.’वर थोडे थांबायला हवे, कारण सगळा घोटाळा त्या दोन अक्षरांत आहे. ते लॅटिन ‘कन्फर’चे लघुरूप, अर्थ ‘ताडून पाहा’. ‘सी. एफ. इंडिकम’ म्हणजे ही मुंगी इंडिकमसारखी दिसते, ज्यावरून ते नाव दिले त्या मूळ नमुन्याशी ताडून खात्री व्हायची आहे. शास्त्रज्ञाने प्रामाणिकपणे केलेली ती कबुली आहे. पण यादी करणारा दुसरा माणूस नाव उतरवताना ही अक्षरे गाळतो. लिहायला अडचणीची वाटतात, रकान्यात मावत नाहीत, छपाईतली चूक वाटते. अक्षरे गेली की कबुली गेली आणि शंका होती तिथे पक्की नोंद झाली. तिसरा माणूस त्या नोंदीवरून नकाशा काढतो. २०१६ च्या भारतीय मुंग्यांच्या यादीत ८२८ जाती-उपजाती आणि १०० प्रजाती आहेत. एवढ्या नावांत दोन अक्षरांकडे कोण बघणार, असे म्हणता येईल. मला ते पटत नाही. चुकीच्या नावापेक्षा मोकळा रकाना केव्हाही बरा, कारण मोकळा रकाना पाहून पुढचा माणूस शोधायला निघतो.

दक्षिण भारतातले उदाहरण याहून बोलके आहे. १९९२ मध्ये तिथल्या एका डायकामात कळ्या तोडल्याच जात नाहीत असे आढळले. सगळ्या कामकरी कळ्यांसह वावरतात आणि वर्चस्व दमदाटीने टिकते. तेव्हा तिला ‘व्हेगन्स’ म्हटले होते. पुढे तेही नाव काढून घेतले गेले आणि अवतरणचिन्हांत ‘निलगिरी’ हे कामचलाऊ नाव दिले. २००३ मध्ये तिची डायकामाच्याच ‘सिलोनेन्स’ या जातीशी आनुवंशिक तुलना झाली. सिलोनेन्स कळ्या तोडते. दिसायला दोघी जवळच्या, पण आनुवंशिक फरक मोठा निघाला. म्हणजे रेघा पाहून एक ठरवली तरी तिच्या घरातली रीत वेगळी असू शकते. बंगालमध्ये ‘इंडिकम’ नावाने वसाहतीच्या स्थलांतराचे बारकाईने प्रयोग झाले आहेत. वाट माहीत असलेली मुंगी दुसरीला मागे घेऊन, एकेक जोडीने, नव्या घरी नेते. तो अभ्यास वाचून विदर्भातल्या मुंगीबद्दल काही म्हणायचे, तर दोन्ही जाती एकच आहेत हे आधी दाखवावे लागेल.

ओळखीसाठी आज पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: छातीच्या पुढच्या भागावरच्या रेघा आडव्या की गोल फिरणाऱ्या, पोटाच्या पहिल्या खंडावर रेघा आहेत की तो गुळगुळीत आहे, कमरेची गाठ बाजूने कशी दिसते, अंगावरची लव किती दाट. त्यांत मी कळ्यांची भर घालतो. ती नोंद जाती ठरवत नाही, पण फोटोत हमखास सुटते. सेमिनरी हिल्सच्या एका बिळापाशी मेलेल्या चार कामकरी मिळाल्या, त्या भिंगाखाली पाहिल्या. चौघींच्या छातीला दोन्ही बाजूंनी खळगे होते आणि चौघींचे खळगे रिकामे, कडेला फिकट व्रण.

बोर्निओचा मूळ नमुना मी पाहिलेला नाही, ‘इंडिकम’चाही नाही. म्हणून डबीवरच्या चिठ्ठीत लिहिले आहे: डायकामा, जाती अनिश्चित. सेमिनरी हिल्स, नागपूर. सागाखाली, बिळाच्या तोंडाशी पिसे. कामकरी ४, गेमा नाहीत.