भाड्यामुळे भाव की भावामुळे भाडं?

महागड्या वस्तीतल्या शोरूममध्ये एखाद्या खुर्चीवरची किंमत वाचली की बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं: "जागेचं भाडं आपल्याकडूनच वसूल करतायत." या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक, दुकानदाराचा खर्च वाढला म्हणून त्याने भाव वाढवला. दुसरी, त्या ठिकाणी चढा भाव मिळतो म्हणून जागामालकाने भाडं वाढवलं. बिलावरचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे दोन्हींत नेमकं उलटं असतं. हे उलगडल्याशिवाय "शहराबाहेरच्या दुकानातून घेतलं तर स्वस्त पडेल का?" या साध्या प्रश्नालाही धड उत्तर देता येत नाही.

डेव्हिड रिकार्डो या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १८१७ मध्ये हाच पेच धान्याच्या बाबतीत मांडला होता. जमिनीचा खंड, म्हणजे शेतजमिनीचं भाडं, भारी म्हणून धान्य महाग नसतं, धान्याला भाव आहे म्हणून खंड भारी असतो, असं त्याचं म्हणणं. मोक्याच्या दुकानालाही हा विचार बराचसा लागू पडतो. समजा, उद्यापासून एका शोरूमचं भाडं निम्मं झालं. सोफा आजच्या किमतीला नीट खपतोय, तर दुकानदार ती किंमत उतरवेल का? त्याला तसं काही कारणच नाही, वाचलेला पैसा नफ्यात जमा होईल. आता उलट बाजूने पाहा. भाडं दुप्पट झालं, म्हणून त्याने किंमत वाढवली आणि तरीही तितकेच सोफे विकले गेले, तर मग ती वाढीव किंमत तो आधीपासूनच का लावत नव्हता? ज्या भावाला जास्तीत जास्त पैसा सुटेल तो भाव विक्रेता रोजच शोधत असतो. दर महिन्याला जाणारं ठरावीक भाडं दहा सोफे विकले तरी तेवढंच आणि तीस विकले तरी तेवढंच, त्यामुळे पुढच्या सोफ्याचा भाव ठरवताना ते त्याला काहीच सांगत नाही.

प्रत्येक नगामागे होणारा खर्च मात्र वेगळा. कारखान्याला द्यायची रक्कम, मालवाहतूक, घरपोच नेऊन जोडून देणारी माणसं, विक्रेत्या कर्मचाऱ्याचं कमिशन, वाटेत ओरखडा पडून परत आलेला माल हे सगळं एकेका वस्तूला चिकटलेलं असतं. हे वाढलं की भाव वाढतोच, कारण एक नग न विकला तर तेवढा खर्च वाचतो. वरखर्च हा शब्द आपण या दोन्ही प्रकारांना सरसकट वापरतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

थोडा हिशेब मांडला की अंदाज येतो. गिऱ्हाईक शंभर देतं असं धरू. किरकोळ व्यापारात खरेदीच्या दुप्पट भाव लावण्याची जुनी रीत आहे, तिला 'कीस्टोन' म्हणतात. त्या रीतीने शंभरातले पन्नास बनवणाऱ्याकडे जातात आणि पन्नास दुकानात राहतात. हे पन्नास म्हणजे नफा नव्हे. त्यातून पगार, वीज, गोदाम, जाहिरात, विमा, अडकलेल्या भांडवलाचं व्याज आणि भाडं जायचं असतं. यात भाड्याचे दहा धरले आणि दुकान निम्म्या भाड्याच्या जागेत गेलं, तर वाचले पाच. सगळेच्या सगळे पाच गिऱ्हाइकाच्या पदरात टाकले, तरी शंभराचे पंचाण्णव होतात. आकडे समजुतीपुरते आहेत, पण गणिताची जात हीच. "भाडं कमी, म्हणून आमच्याकडे निम्म्या किमतीत" असं कोणी सांगत असेल, तर फरक भाड्यातून आलेला नाही. तो लाकडात, फोममध्ये, सांध्यात किंवा मुळातच फुगवून लिहिलेल्या 'मूळ किमती'त शोधायला हवा.

फर्निचरच्या बाबतीत जागेचा प्रश्न इतर मालापेक्षा तीव्र असतो, हे मान्यच. घड्याळांचं दुकान एका लहान गाळ्यात मावतं. तीन माणसांचा सोफा, त्याच्या पुढचं टेबल आणि भोवताली चालायला मोकळी जागा म्हटलं की एक अख्खी खोली लागते, आणि तो सोफा रोज विकला जात नाही. माल हळू फिरतो, जागा फार खातो, आणि पडून राहिला तर भांडवल अडकवतो. म्हणून नुसतं चौरस फुटाचं भाडं विचारून काही कळत नाही. एका नगावर किती भाडं पडलं, ते पाहायला हवं. वर्दळीच्या जागी भाडं तिप्पट आणि खप चौपट असेल, तर एका नगावरचं भाडं साध्या जागेच्या पाऊणपटच भरतं. ओस पडलेल्या स्वस्त जागेतला सोफा भाड्याच्या हिशेबात अधिक महाग पडू शकतो. उंची मालाचे विक्रेते म्हणूनच महागड्या मजल्यावर फक्त नमुने ठेवतात. बहुतेक माल ऑर्डर आल्यावर बनतो आणि कारखान्यातून किंवा शहराबाहेरच्या गोदामातून थेट घरी जातो.

आता एकच खुर्ची दोन दुकानांत ठेवून बघू. डॅनिश आरेखक हान्स वेगनरने १९४९ मध्ये आखलेली 'विशबोन' खुर्ची कार्ल हान्सन अँड सन ही डेन्मार्कची कंपनी १९५० पासून बनवते आहे. तिची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीने हाताने विणली जाते. ही विणकामाची मजुरी, ते लाकूड, ते वाकवणं हे सगळं खुर्चीत आहे आणि दुकानाच्या पत्त्याने त्यात तसूभर बदल होत नाही. अशा ओळखीच्या वस्तूची किंमत कुणालाही दोन मिनिटांत पडताळता येते. शिवाय बनवणाऱ्याची स्वतःची किंमत-यादी असते. युरोपीय संघात उत्पादकाला विक्रेत्यावर किमान भाव लादता येत नाही, पण शिफारस करता येते. अमेरिकेत जाहिरातीत किंमत किती खाली दाखवता येईल याची मर्यादा अनेक उत्पादक घालून देतात. परिणाम असा की मुख्य रस्त्यावरच्या आणि आडबाजूच्या अधिकृत विक्रेत्याकडे त्याच खुर्चीची किंमत सहसा जवळपास सारखी असते. भाड्यात मोठा फरक असूनही किंमत सारखी, म्हणजे तो फरक दुकानदाराच्या नफ्यातून गेला. गिऱ्हाइकाच्या खिशातून तो गेला नाही.

याउलट, ज्या सोफ्यावर फक्त त्या दुकानाचंच नाव आहे, ज्याचं कापड आणि माप तिथेच ठरतं, त्याची तुलना कशाशी करणार? अशा मालावर जागेचा खरा परिणाम होतो. उंची वस्तीत येणारं गिऱ्हाईक जास्त द्यायला तयार असतं, घासाघीस कमी करतं, आणि दुसऱ्या दुकानात जाऊन पडताळून पाहण्याचा त्याला कंटाळा असतो. माझ्या मते जागा आणि किंमत यांच्या नात्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ती सगळ्यात कमी बोलली जाते: वस्तू जितकी तुलनेबाहेरची, तितका पत्त्याचा भाव तिच्यावर चढतो. भाडं हे त्यामागून येतं. जागामालकाला तो चढलेला भाव दिसतो, आणि पुढच्या कराराच्या वेळी तो आपला वाटा मागतो.

म्हणून भाड्याचा किमतीशी काहीच संबंध नाही, असं मात्र नव्हे. तीन ठिकाणी तो स्पष्ट दिसतो. मॉलमध्ये पुष्कळदा ठरावीक भाड्याच्या जोडीला विक्रीचे काही टक्के द्यावे लागतात. अशा करारात भाडं प्रत्येक नगाला चिकटतं आणि करासारखं थेट भावात शिरतं. दुसरं, काळ लांबवर पाहिला तर चित्र बदलतं. सगळ्या शहरातच भाडी चढली तर काही दुकानं बंद पडतात, उरलेल्यांना स्पर्धा कमी होते आणि मग भाव वर सरकतात. भाडं इथे भावात शिरतं, पण दुकानं मिटण्याच्या वाटेने, आणि त्याला वर्षं लागतात. तिसरं, भाड्याने दुकानात काय ठेवायचं हे ठरतं. महाग जागेत कमी नफ्याचा साधा माल परवडत नाही, म्हणून तिथे महागच वस्तू दिसतात. मग आपण म्हणतो की हे दुकान महाग आहे. खरं तर त्याच वस्तू महाग विकल्या जात आहेत असं नसतं. तिथे वस्तूच वेगळ्या आहेत.

"आमची स्वतःची जागा आहे, भाडं नाही, म्हणून स्वस्त देतो" हे वाक्यही जरा जपून घ्यावं. स्वतःची जागा फुकट नसते. ती दुसऱ्याला दिली असती तर भाडं आलं असतं, आणि तेवढ्यावर पाणी सोडून मालक तिथे दुकान चालवतो. हिशेब जाणणारा मालक हे भाडं मनातल्या मनात धरतोच. स्वतःच्या जागेचा खरा फायदा मंदीत दिसतो. खप आटला तरी दर महिन्याला कुणाचा तगादा येत नाही, म्हणून असं दुकान तग धरतं.

पत्ता एकच असला तरी भाडं एकच असेल असंही नाही. रस्त्यालगतचा तळमजला आणि त्याच इमारतीचा वरचा मजला यांच्या भाड्यात मोठं अंतर असतं, कारण वर कोणी चालता चालता शिरत नाही. शिकागोतली १९३० मध्ये उघडलेली मर्चंडाइज मार्ट ही प्रचंड इमारत अशा मजल्यामजल्यावरच्या शोरूमसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या कित्येक दालनांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे अंतर्गत सजावट करणारे व्यावसायिक. त्यांना वेगळी सूट मिळते आणि ते आपल्या अशिलांसाठी खरेदी करतात. खिडकी सजवून रस्त्यावरच्या माणसाला आत ओढण्याचा खर्च तिथे करावा लागत नाही.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या हाय पॉइंट या शहराचंही उदाहरण देता येईल. तिथे १९०९ पासून फर्निचरचा घाऊक बाजार भरतो आणि आता तो वर्षातून दोनदा असतो. त्या भागात कारखाने जवळ, जमीन स्वस्त, वाहतूक कमी. पण भाव आटोक्यात ठेवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे एकमेकांना लागून असलेले असंख्य विक्रेते. एका दारातून दुसऱ्या दारात जाऊन तुलना करणं जिथे सोपं, तिथे कुणालाच मनमानी भाव लावता येत नाही. स्वस्त जागेला दिलं जाणारं श्रेय इथे पुष्कळदा खरं शेजारच्या स्पर्धकाचं असतं.

काही विक्रेते भाड्याकडे जाहिरातीचा खर्च म्हणूनच पाहतात. आरएच या अमेरिकी फर्निचर कंपनीने २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहा मजल्यांचं, गच्चीवर रेस्तराँ असलेलं दालन उघडलं. इतकी जागा फक्त सोफे मांडायला नको असते. तिथे फिरून गेलेला माणूस महिन्यांनी घरबसल्या ऑर्डर देतो, तेव्हा ती विक्री दालनाच्या खात्यावर दिसत नाही, पण घडलेली असते दालनामुळेच. ऑनलाइन विक्रेत्यांचं चित्र याच्या उलट बाजूने तेच सांगतं. दुकानाचं भाडं नाही, पण लोकांच्या स्क्रीनवर आपला सोफा आणण्यासाठी सतत जाहिरात, आणि न आवडलेला अवजड माल परत नेण्याचा खर्च. २००२ मध्ये फक्त इंटरनेटवर सुरू झालेल्या वेफेअरने २०२४ मध्ये शिकागोजवळच्या विल्मेट इथे स्वतःचं मोठं दुकान उघडलं, ते उगीच नाही.

मग खरेदी करताना काय विचारावं? "भाडं किती?" हे विचारून हाती काही लागत नाही. किमतीचे तुकडे मागावेत: वस्तू किती, पोहोचवणं किती, जोडणी किती, कापड बदललं तर किती. वस्तू ओळखीच्या कंपनीची असेल तर दुसऱ्या अधिकृत विक्रेत्याकडे तीच, त्याच लाकडात आणि त्याच कापडात विचारावी. कापड बदललं की तुलना कोसळते. वस्तू दुकानाच्याच नावाची असेल तर सांगाडा कशाचा, सांधे कसे, फोमची घनता किती, हमी कशाची आणि किती वर्षांची, हे लेखी घ्यावं. इथे पत्त्याचा भाव सर्वांत सहज लपतो, म्हणून सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा.

आणि महाग जागेचा गिऱ्हाइकाला थेट फायदा होतो अशी एक वेळ असते, ती सोडू नये. नवीन हंगामाचा माल येणार असतो तेव्हा मांडलेले नमुने हलवावेच लागतात. जितकी जागा महाग, तितकी जुना सोफा तिथे अडवून ठेवण्याची किंमत जास्त, आणि गोदामात नेऊन ठेवायचा तर तो पुन्हा खर्च. अशा वेळी नमुन्याचा नग नीट तपासून घ्यावा. खिडकीजवळ असेल तर कापडाचा रंग उडाला आहे का, बैठक बसकी झाली आहे का, पायांना धक्के लागले आहेत का ते पाहावं. उन्हाच्या बाजूची आणि भिंतीच्या बाजूची उशी शेजारी शेजारी ठेवली की रंगातला फरक लगेच दिसतो. नग ठीक असेल तर सूट मागावी. भाड्याचा विचार करून दुकानदार किंमत खाली आणायला राजी होतो, असा हा मोजक्यातला एक प्रसंग.