सत्य आणि सिद्धता

विधान खरं असणं वेगळं आणि ते सिद्ध करता येणं वेगळं, हा तर्कशास्त्रातला फार महत्त्वाचा भेद. मुंबईकराला सांगायचं तर, पास घरी विसरलात तर पैसे भरलेत हे खरंच असतं, पण दादरच्या पुलावर टीसीला ते दाखवता येत नाही आणि दंड बसतो. अर्थात इथे पास निदान घरी तरी असतो.

तर्कशास्त्रज्ञ कुर्ट ग्योडेलने १९३१ साली दाखवलं की ज्या सिस्टिममध्ये (म्हणजे गृहीतकं आणि त्यांवरून निष्कर्ष काढायचे नियम यांच्या संचात) पुरेसं अंकगणित आहे, जिची गृहीतकं यांत्रिकपणे तपासता येतात आणि जी सुसंगत आहे (म्हणजे जिच्यात एखादं विधान आणि त्याच्या उलट विधान दोन्ही सिद्ध होत नाहीत), तिच्यात असं एक विधान असतंच जे सिद्धही होत नाही आणि खोटंही ठरवता येत नाही (मूळ सिद्धतेत सुसंगततेहून जरा जास्त मागितलं होतं, ती अट रॉसरने १९३६ मध्ये काढली). यावरून "काही सत्यं कधीच सिद्ध होणार नाहीत" असं सर्रास म्हटलं जातं, ते बरोबर नाही. सिद्ध न होणं हे नेहमी अमुक एका सिस्टिमपुरतं असतं. गुडस्टाइनचं प्रमेय बघा, ते साध्या नैसर्गिक संख्यांबद्दल आहे, पेआनोच्या अंकगणितात (नैसर्गिक संख्यांच्या नेहमीच्या गृहीतकांच्या सिस्टिममध्ये) सिद्ध होत नाही हे कर्बी आणि पॅरिस यांनी १९८२ मध्ये दाखवलं, पण अनंत क्रमसंख्या (अनंताच्या पलीकडेही क्रम मोजणाऱ्या संख्या) वापरून गुडस्टाइनने ते १९४४ मध्येच सिद्ध केलेलं. आणि नुसती बेरीज असलेलं प्रेसबर्गरचं अंकगणित तर पूर्ण आहे (त्यातलं प्रत्येक विधान सिद्ध तरी होतं किंवा खोटं तरी ठरतं), तिथे ही अडचणच येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. "सिद्ध होतं" ही कल्पना अंकगणिताच्या भाषेत मांडता येते, "खरं आहे" ही मांडता येत नाही, मग दोन्ही एकच असतील कशा? सत्याबद्दलचा हा निकाल तर्कशास्त्रज्ञ टार्स्कीच्या नावावर आहे, पोलिश ग्रंथ १९३३चा, जर्मन आवृत्ती १९३५च्या सुमाराची. पण ग्योडेलने ऑक्टोबर १९३१ मध्ये गणितज्ञ झर्मेलोला लिहिलेल्या पत्रात हा युक्तिवाद आहे, म्हणून श्रेय कोणाचं यावर मतं वेगळी पडतात. टार्स्कीने पद्धत ग्योडेलची असल्याचं मान्य केलंय, तरी सत्याच्या व्याख्येचा पूर्ण सिद्धांत छापून मांडला त्यानेच, तेव्हा नाव त्याचं राहणं योग्य वाटतं.

ब्राउवर, हायटिंग आणि नंतर डमेट या गणिताच्या तत्त्वज्ञानातल्या विचारवंतांना हा भेदच या रूपात मान्य नाही, त्यांच्या मते गणितात खरं म्हणजे ज्याची सिद्धता आहे ते.

आपल्याकडे मीमांसा दर्शनाचे मीमांसक ज्ञानाचं प्रामाण्य (ते खरं असणं) स्वतः, म्हणजे ज्ञानातूनच कळतं असं मानतात, न्याय दर्शनाचे नैयायिक परतः, म्हणजे बाहेरच्या पडताळ्याने. तो वाद ज्ञानाबद्दलचा आहे, सिस्टिममधल्या सिद्धतेबद्दलचा नाही, त्यामुळे तो थेट ग्योडेलला जोडणं घाईचं होईल.